देवगड ते शिरोडा, किनाऱ्याने चालत: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

कोकणात आपण उतरतो ते आडवे. घाट उतरायचा, एका किनाऱ्यावर गाडी लावायची, दोन दिवस मासे खायचे आणि पुन्हा घाट चढायचा. दुसरा किनारा बघायचा तर हमरस्त्याला येऊन पुढच्या फाट्याने परत खाली. त्यामुळे कुणकेश्वर, तारकर्ली, वेंगुर्ला ही तिन्ही ठिकाणं ज्याने पाहिली आहेत त्यालाही त्यांच्या मधल्या जागा ठाऊक नसतात. मधे कातळाची टोकं आहेत, खाड्यांची तोंडं आहेत, अर्धा-पाऊण तास चाललं तरी माणूस दिसू नये अशा पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, आहेत. पाठीवर सॅक टाकून किनारा हातचा न सोडता दक्षिणेकडे निघालं की त्या एकेक करून समोर येतात.

इथे सांगतो आहे तो सिंधुदुर्ग जिल्ह्यातला देवगड ते शिरोडा हा पट्टा. वळसे धरून साधारण ९० ते १०० किलोमीटर, सात दिवस. सह्याद्रीत चार किल्ले फिरलेल्या, पण समुद्राकाठी सलग कधी न चाललेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. अशा माणसाचे पाय तयार असतात, पण सवयी डोंगरातल्या असतात. डोंगरातली वाट सकाळी जिथे असते तिथेच संध्याकाळी असते. किनाऱ्यावरची वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. बाकी सगळी तयारी या एका गोष्टीभोवती करायची.

आधी तिथी, मग रजा

ऋतू सोपा आहे: नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी. पावसाळ्यात लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि पुढच्या महिन्यांत ती हळूहळू परत आणून टाकतात. त्यामुळे ऑक्टोबरात पुळणी अरुंद आणि उतरत्या असतात, शिवाय ऊन भाजून काढतं. मार्चपासून घामानेच माणूस अर्धा होतो. जून-जुलैत मासेमारी बंद, खाडीतल्या बहुतेक होड्या बंद, तेव्हा विषयच नाही. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा मालवण-तारकर्ली भागात टाळलेला बरा. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची यात्रा असते आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आंगणेवाडीची जत्रा. त्या दिवसांत मालवण परिसरात खोली मिळणं कठीण. जत्राच बघायची असेल तर गोष्ट वेगळी.

महिना ठरला की तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पक्ष शुक्ल असो वा वद्य, हिशेब तोच. मात्र तो मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याला पाणी मुंबईच्या साधारण तासभर आधी चढतं. वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाते.

आता हे उलटं वापरायचं. आपल्याला ओहोटी सकाळच्या चालण्यात हवी. द्वितीयेला निघालात तर पहिल्या दिवशी पूर्ण ओहोटी सकाळी साडेसहाच्या आसपास आणि अष्टमीला, म्हणजे शेवटच्या दिवशी, अकराच्या आसपास मिळते. सातही सकाळी पाणी तुमच्या बाजूने. एकादशीला निघालात तर याच्या नेमकं उलट होऊन सकाळी निघायच्या वेळेला पाणी चढत असेल. मी माणसांना रजेची तारीख हलवायला सांगतो ती याचसाठी.

तोंडी हिशेब आखणीपुरता. प्रत्यक्ष निघताना त्या-त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलमध्ये उतरवून घ्या, आणि ते मालवण किंवा वेंगुर्ल्याचं घ्या. वर्तमानपत्रात छापून येतं ते मुंबईचं, ते इथे उपयोगाचं नाही. वेळेबरोबर पाण्याची उंचीही बघायची, कारण दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक जास्त खाली जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचं उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, हा फरकही असतोच. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं, इथे साधारण २ मीटर. आकडा किरकोळ वाटतो, पण उतार कमी असलेल्या पुळणीवर २ मीटर उभं पाणी म्हणजे आडवी पन्नास-साठ पावलं वाळू. आणि ज्या पुळणीची रुंदीच तेवढी आहे तिथे भरतीला वाळू नावाची गोष्ट शिल्लक राहत नाही.

टप्पे

पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेवा. रात्रीच्या गाडीने सकाळी कणकवलीला उतरून एसटीने देवगड गाठता येतं. किल्ला आणि दीपगृह बघून तारामुंबरीच्या पुलावरून खाडी ओलांडायची की मिठमुंबरीची पुळण लागते, आणि तिच्या पलीकडे कुणकेश्वर. ७-८ किलोमीटर होतात. पूल असल्यामुळे इथे पाण्याचा हिशेब फारसा आड येत नाही. कुणकेश्वराच्या देवळाखालच्या कातळावर कोरलेली शिवलिंगं आहेत, ती ओहोटीला उघडी पडतात. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी उजाडताना बघून घ्या.

दुसरा दिवस कुणकेश्वर ते मिठबाव. मधे कातवणच्या बाजूला किनारा सोडून वर सड्यावर चढावं लागतं. सडा म्हणजे जांभ्याचं सपाट पठार, झाड कमी, सावली नाही, ऊन खालून-वरून दोन्हीकडून. मिठबावला समुद्राच्या अंगावर उभं असलेलं गजबादेवीचं देऊळ आणि पुढे तांबळडेगची लांब पुळण. या वाटेवरचा माझा सगळ्यांत आवडता मुक्काम इथला.

तिसरा दिवस, मिठबाव ते आचरा, सगळ्यांत तुटक. हिंदळे, मुणगे अशी गावं, मधे खाड्या आणि टेकाडं. नवख्याने इथे किनारा धरून ठेवायचा हट्ट करू नये. गावातल्या रस्त्याने चाला आणि कंटाळा आला तर एसटीला हात करा, कुणी गुण कापत नाही. आचऱ्यात रामेश्वराचं देऊळ बघण्यासारखं आहे. या गावाची गावपळण प्रसिद्ध आहे: दर काही वर्षांनी, देवाचा कौल घेऊन, अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. हे थंडीच्या दिवसांतच येतं, म्हणून त्या वर्षी आहे का ते आधी विचारा. नाहीतर तुम्ही पोचाल आणि दार उघडायला कुणी नसेल.

चौथ्या दिवसापासून मजा सुरू. आचऱ्याहून तोंडवळी आणि तळाशील. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला गड नदीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला जमीन संपते. समोर सर्जेकोट दिसतो, पण मधे पाणी. इथे होडी. पलीकडून कोळंबच्या पुलावरून मालवण. साधारण १५-१६ किलोमीटर. पाय कुरकुरत असतील तर मालवणात एक दिवस जास्त काढा आणि सिंधुदुर्ग बघा. २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झालेला हा किल्ला भर पाण्यात उभा आहे. गेले चार दिवस ज्या पाण्याच्या वेळा पाळत तुम्ही चालत आलात, त्याच वेळा सांभाळत इथे दगड चढवले गेले असणार. ते मनात ठेवून तट बघा.

पाचवा दिवस मालवण, तारकर्ली, देवबाग, मग होडीने कर्ली नदीचं मुख ओलांडून भोगवे आणि पुढे किल्ले निवती. तारकर्ली शनिवार-रविवारी नको. सोमवार ते गुरुवार बसेल असं बघा. देवबागच्या काही भागात धूप थांबवायला दगडी बंधारे घातले आहेत, तिथे वाळूवरून वाट नाही, गावातल्या रस्त्याने जायचं. भोगव्याची पुळण मात्र एकदा लागली की संपू नये असं वाटतं.

सहावा दिवस सगळ्यांत लांब: निवती, खवणे, केळूस, वायंगणी, दाभोळी, वेंगुर्ला. १८-२० किलोमीटर, मधे खाडीची तोंडं. पहाटे निघा. झेपणार नसेल तर वायंगणीच्या आसपास राहून दोन दिवसांत करा.

सातवा वेंगुर्ला ते शिरोडा. मोचेमाडच्या घाटीवरून खाडी वळसा घेत समुद्राला मिळताना दिसते, तिथे दहा मिनिटं थांबा. मग आरवली. वेतोबाच्या देवळात नवसाच्या भल्या मोठ्या चपला ठेवलेल्या दिसतील. इतके दिवस पायी आलेल्याला हा देव जरा जवळचा वाटतो. पुढे सागरतीर्थ, वेळागर, शिरोडा.

तीनच दिवस असतील तर भोगवे ते शिरोडा तेवढं करा. उत्तरेचा भाग नंतर.

सॅक

पाण्यासकट ८ किलोच्या वर जाऊ देऊ नका. वाळूत प्रत्येक जास्तीचा किलो दोन किलोंचा होतो. तंबू नको, स्टोव्ह नको, शिधा नको. रोज संध्याकाळी गाव लागतं आणि गावात जेवण मिळतं, मग पाठीवर स्वयंपाकघर कशाला? पुळणीवर तंबू ठोकायला मी तरी सांगणार नाही. त्याचं कारण पुढे वायंगणीच्या ओघात येईल.

पायात काय घालायचं, यावर मात्र वेळ घालवा. ट्रेकिंगचे उंच बूट इथे शिक्षा आहे. त्यांत वाळू जाते, ओले झाले की दोन दिवस वाळत नाहीत, आणि ओल्या मोज्यात वाळूचा कण म्हणजे टाचेला फोड ठरलेला. मागे पट्टा असलेले मजबूत सँडल आणि सड्यावरच्या काट्याकुट्यांसाठी एक हलका बुटांचा जोड, एवढं पुरतं. पुळणीवर अनवाणी चालायचा मोह होतो. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाच्या वर नको. ओली वाळू तळव्याची कातडी घासत असते आणि ते संध्याकाळपर्यंत कळत नाही.

बाकी: पूर्ण बाह्यांचे दोन पातळ सदरे, कान झाकणारी टोपी, पंचा, सॅकच्या आत घालायला जाड प्लास्टिकची पिशवी (होडीत पाणी उडतंच), ३ लिटर पाण्याची सोय, जलसंजीवनीची पाकिटं, चिकटपट्टी, शिट्टी, पॉवर बँक, डोक्याची बॅटरी आणि तिच्यावर लावायला लाल जिलेटिनचा तुकडा, सुटे पैसे, आधार कार्ड. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, टेकाडांच्या आड रेंज जाते. एक काठी घ्या. कातळावर तोल सांभाळायला आणि वाडीतल्या कुत्र्यांना लांबून दाखवायला.

पुळणीवर चालायचं कसं

ओहोटीच्या वेळी पुळणीचे तीन पट्टे दिसतात. वरचा कोरडा, भुसभुशीत, पाय घोट्यापर्यंत रुतणारा. खालचा पाण्याने चकाकणारा, तिथेही पाय खचतो. मधला ओला पण न चकाकणारा, तोच आपला. ओळखायची खूण अशी: पाऊल टेकलं की त्याच्याभोवती क्षणभर वाळू फिकी, कोरडी दिसते आणि पाऊल उचललं की पुन्हा गडद होते. घट्ट बसलेले कण पावलाच्या दाबाने जरा सैल होतात, त्यांच्यामधली जागा वाढते आणि वरचं पाणी तिथे शोषलं जातं, म्हणून ते फिकं वर्तुळ. ते उमटत असेल तोवर तुम्ही टणक वाळूवर आहात. नाहीसं झालं की दोन पावलं वर किंवा खाली सरका. एकदा डोळा बसला की हे आपोआप होतं.

दुसरं, पुळण समुद्राकडे उतरती असते. दक्षिणेकडे जाताना समुद्र सतत उजव्या हाताला, म्हणजे उजवा पाय सतत खाली. दोन तासांत कंबर आणि गुडघा बोलायला लागतात. त्यावर इलाज म्हणजे जिथे पुळण सपाट आहे तिथे चालणं आणि अधूनमधून कोरड्या वाळूवर किंवा सुरूच्या बनातल्या वाटेवर जाऊन पायाला बदल देणं. ऊन सकाळी डाव्या बाजूला लागतं, दुपारनंतर थेट उजव्या. दोन्ही कान आणि दोन्ही पोटऱ्या झाका.

सहाला निघून साडेदहा-अकरापर्यंत चालायचं, साडेतीनपर्यंत सावली, मग उरलेलं. या वेळापत्रकात रोज पंधरा किलोमीटर आरामात होतात.

सकाळी कुठेतरी रापण ओढताना भेटेल. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडलेलं असतं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर. तीस-चाळीस माणसं दोन रांगांत पाठ मागे टाकून, पाय वाळूत रोवून ओढत असतात. मागचा माणूस दोर गुंडाळून पुढे पाण्यापाशी जातो, पुन्हा मागे सरकतो. ताणलेला दोर ओलांडू नका, ओढणाऱ्यांच्या मागून वळसा घाला. सॅक ठेवून दोराला हात लावलात तर कुणी नको म्हणत नाही. जाळं जवळ आलं की मात्र बाजूला व्हा, तिथे घाई असते. जाळ्यात कधी समुद्री साप येतो. तो विषारी असतो, मेलेला दिसला तरी हाताळू नका.

"खंय जातास?" हा प्रश्न दिवसातून दहादा येईल. "वेंगुर्ल्याक, चलत" असं उत्तर दिलंत की आधी हसतील, मग बसवतील, मग पुढची वाट सांगतील. हीच खरी माहिती. नकाशातली पायवाट दोन वर्षांपूर्वीची असते, काकांनी सांगितलेली कालची.

कातळ आणि टोकं

दोन पुळणींच्या मधे बहुतेक वेळा कातळाचं टोक असतं. ते पार करायचे तीन मार्ग: वरून सड्यावरून, खालून पाण्याच्या कडेने, किंवा आतल्या गावातून. नवख्याने आधी वरची वाट शोधायची. खालून जायचं असेल तर अटी आहेत. पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी, पाणी उतरत असतानाच शिरायचं आणि पाणी फिरायच्या आत पलीकडे असायचं. टोकाच्या पलीकडची पुळण इथून दिसत नसेल आणि ती वाट चालते असं त्या वाडीतल्या माणसाने त्याच दिवशी सांगितलं नसेल, तर शिरायचं नाही. पाण्याची पातळी पूर्ण ओहोटीनंतर पहिला तास हळू चढते आणि मधल्या दोन तासांत सगळ्यांत वेगाने. "अजून वेळ आहे" असं वाटतं तो हा पहिला तास.

काळा, कोरडा कातळ धरून ठेवतो. हिरवा दिसला की तिथे पाऊल नको, शेवाळ आहे. कालवांचे कवच ब्लेडसारखे कापतात, म्हणून कातळावर अनवाणी कधीच नाही आणि हात टेकतानाही बघून. वरून जाताना कड्याच्या अगदी धारेवर उभे राहू नका. जांभा खालून पोखरलेला असतो आणि वरून ते कळत नाही. सड्यावर आंब्या-काजूच्या बागा आहेत, त्यांना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, घातलेले असतात. गडगा ओलांडण्याआधी हाक मारा. फेब्रुवारीत हापूस धरलेला असतो, तेव्हा तर नक्कीच.

खाड्या

कोकणी किनाऱ्यावर माणसं बुडतात ती बऱ्याचदा खाडीच्या तोंडाशी. पाणी शांत दिसतं, पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर असतो, आणि ओहोटीला सगळी खाडी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे धावत असते. म्हणून मोठ्या खाड्या (तळाशील, देवबाग) होडीनेच. गुडघ्यापर्यंतचा व्हाळ (ओढा) असेल तर तो पूर्ण ओहोटीच्या आसपास, पाणी थांबलेलं असताना, सॅकचा कमरपट्टा सोडून, काठीने तळ चाचपत पार करायचा. पाणी मांडीला लागलं की परत फिरा. चिखल दिसला तर तोही मार्ग नाही, खाजणाच्या कडेचा गाळ पाय सोडत नाही. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, वाळूत लपलेलं पाकट आवाजाने निघून जातं. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा.

होडीसाठी आदल्या संध्याकाळी चौकशी करून ठेवा. तुमच्या मुक्कामाच्या घरातल्यांच्या ओळखीचा कुणीतरी असतोच. भाडं आधी ठरवा आणि मग घासाघीस नको. सकाळी होड्या मासेमारीला गेलेल्या असू शकतात, तेव्हा नऊच्या पुढची वेळ मागा. लाइफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका.

पोहायचं असेल तर गावकऱ्यांना विचारून, आणि ओहोटीत नाही. पर्यटकांच्या वर्दळीच्या जागा सोडल्या तर या वाटेवर जीवरक्षक दिसणार नाहीत.

मुक्काम आणि पोट

घरगुती राहण्याची सोय आता बहुतेक गावांत आहे. लहान वाड्यांमध्ये आधी फोन केलेला बरा, कारण जेवण तुमच्यासाठी मुद्दाम करावं लागतं. संध्याकाळी पाचला अचानक उगवून मासे मागू नयेत. शाकाहारी असाल तर आधी सांगा. काळ्या वाटाण्याची उसळ, भाकरी आणि सोलकढी मिळाली तर तुमचं काही बिघडत नाही. सकाळी घावणे किंवा आंबोळ्या खाऊन निघायचं. कुणाच्या घरी उकड्या तांदळाची पेज मिळाली तर ती सोडू नका, उन्हातून चालून आलेल्या पोटाला तिच्याइतकं काही मानवत नाही. सॅकमध्ये मालवणी खाजं ठेवा. ते उन्हात वितळत नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण.

पाणी रोज सकाळी मुक्कामावरूनच भरून घ्या. पुळणीलगतच्या विहिरी कधीकधी मचूळ असतात. मागितलंत तर कुठल्याही घरात पाणी मिळतं, बाटली अंगणातूनच पुढे करायची.

काही ठिकाणी सागरी पोलीस किंवा गावातली माणसं चौकशी करतील. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी माणसाकडे लक्ष असतं. ओळखपत्र दाखवा, कुठून कुठे जाताय ते सांगा, बस. उलट, वाडीत शिरताना आपणच सांगितलेलं बरं, उद्या तुम्ही पुढच्या गावात पोचला नाहीत तर निदान कुणाला तरी माहीत असेल.

आता वायंगणी. या आणि आजूबाजूच्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी रात्री वर येते, खड्डा करते, अंडी पुरते आणि परत जाते. सकाळी पाण्यापासून वर आणि पुन्हा खाली असा ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला तर तो तुडवू नका, गावात किंवा वनखात्याच्या माणसांना कळवा. ती अंडी संरक्षित जागेत हलवली जातात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं समुद्रात सोडतात. पांढऱ्या उजेडाने मादी बिचकून परत फिरते आणि पिल्लांची दिशा चुकते. म्हणून रात्री पुळणीवर शेकोटी नाही, तंबू नाही, बॅटरी लावलीच तर लाल. कासव दिसलं तरी फ्लॅश नाही. पिल्लं सोडायच्या दिवसांत तिथे असलात तर सकाळी लवकर उठा, गावकरी सांगतील तिथे आणि तितकंच लांब उभे राहा.

अडचण आली तर

सरकारी रुग्णालयं देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि शिरोड्याला आहेत. यांच्या मधे कुठेही असलात तरी एक-दोन किलोमीटर आत गेल्यावर रिक्षा मिळेल असा रस्ता लागतो. किनाऱ्याचं हे मोठं सुख आहे, डोंगरात ते नसतं. ११२ सगळीकडे चालतो, समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ लिहून ठेवा. जेलीफिश चिकटला तर गोडं पाणी ओतू नका आणि चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा.

उन्हाचा त्रास मात्र सगळ्यांत जास्त होतो आणि त्याला कुणी मोजत नाही. वारा असतो, घाम वाळतो, तहान लागत नाही. दर अर्ध्या तासाला चार घोट, तहान असो-नसो. लघवी गडद झाली, डोकं जड झालं, की त्या दिवसाचं चालणं तिथे संपलं.

शिरोड्यानंतर

मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच शिरोडा. मिठागरं अजून आहेत, थंडीच्या शेवटी गेलात तर मिठाचे पांढरे ढीग दिसतात. वि. स. खांडेकरांनी १९२० पासून अठरा वर्षं इथल्या शाळेत शिकवलं, तेही गाव फिरताना आठवतं. इथून सावंतवाडीला एसटी आहे आणि सावंतवाडी रोडला रेल्वे. परतीचं आरक्षण दुसऱ्या दिवशीचं करा. एक दिवस हातात ठेवल्याने आदल्या टप्प्यांवर घाई होत नाही.

तो दिवस उरला तर रेडीपर्यंत जा. यशवंतगड आणि गणपतीचं देऊळ बघा, आणि अजून पाय शिल्लक असतील तर पुढे तेरेखोल, म्हणजे गोव्याची हद्द. तिथून खाडी ओलांडायला फेरीबोट असते.

घरी पोचल्यावर सॅक, सँडलचे पट्टे आणि बॅटरी त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवून टाका. चेनमध्ये मीठ बसलं तर आठवड्याभरात ती उघडणार नाही.